दात घासणाऱ्या बायका

लग्नाला चार महिने झाले आणि नवऱ्याला भोसरीत खोली मिळाली, तेव्हा मी आमच्या आणे गावाहून एसटीनं निघाले. आई थांब्यापर्यंत आली होती. पिशवीत बाजरीचं पीठ, हुलगे आणि मशेरीची एक चपटी डबी. "तिकडं चांगली मिळायची न्हाई," ती म्हणाली, "आन् घासल्याबिगर तुझं डोकं लई दुखतं." गाडी सुटली तेव्हा तिला धड रडताही येईना, कारण तोंडात मशेरी होती. तिनं पटकन बाजूला थुंकून हात हलवला.

आमच्या आण्यात बायका तंबाखू खात नाहीत. तंबाखू पुरुष खातात, चुना लावून, आणि आम्ही त्यांना नावं ठेवतो. आम्ही नुसते दात घासतो. उठल्यावर, चहा झाल्यावर, रानातून आल्यावर, जेवल्यावर. तीच तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटानं हिरड्यांना लावून तासभर बसायचं, आणि एवढं सगळं करून त्याला म्हणायचं दात घासणं. आठवीत माझी दाढ दुखली तेव्हा पहिलं बोट आईनंच लावून दिलं. दाढेचं दुखणं चार दिवसांत गेलं. मशेरी वीस वर्षं राहिली.

भोसरीत मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. मागच्या वर्षी तिथं तपासणीचा कॅम्प झाला. दातांच्या डॉक्टर म्हणजे माझ्याहून लहान पोरगी. तिनं विचारलं, "मावशी, तंबाखू खाता?" मी म्हणाले, "छे! आमच्यात बायका नाही खात." खोटं बोलतेय असं मला जराही वाटलं नाही. तिनं फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि मग बॅटरी लावून गालात बघितलं. बराच वेळ बघितलं. "मशेरी लावता का?" "हो, दात घासते की." "दिवसातून किती वेळा?" मी मोजून सांगितलं, सहा. ती म्हणाली, "मावशी, सहा वेळा दात कुणी घासतं का?" गालात आतून पांढरा चट्टा होता. आत्ता थांबलात तर जाईल, नाही थांबलात तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाली. कशासाठी तपासायचा ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

त्यानंतर किती वेळा सोडली ते विचारू नका. बडीशेप झाली, लवंग झाली, डबी खिडकीतून फेकली आणि खाली जाऊन शोधून आणली. व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी शहाणं पाठवतं की मनाचा निर्धार करा. अरे, निर्धार कशाशी करू? मी मनाला सांगायची, आजपासून दात घासायचे नाहीत. मन म्हणायचं, येडी का काय तू? आणि मला ते पटायचं, कारण दात घासणं ही चांगलीच सवय, असं शाळेत भिंतीवर लिहिलेलं मी वाचलंय.

एकदा ब्रेकमध्ये उठले, तर शेजारी लाटणाऱ्या विमलनं विचारलं, कुठं निघालीस? नेहमीसारखं "दात घासून येते" म्हणणार होते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तोंडातून निघालं, "तंबाखू खाऊन येते." विमल बघतच राहिली. माझीच मला इतकी लाज वाटली की मी परत खाली बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच म्हणाले, मुद्दाम. असं करत करत सुटली. फार काही मोठं केलं नाही मी, फक्त तिला तिच्या नावानं हाक मारली.

मग यात्रेला आण्याला गेले. तिथली यात्रेची तिखटजाळ आमटी लागताच माझा गाल पेटला, डोळ्यांतून पाणी आलं. जेवणं झाली, बायका ओट्यावर बसल्या आणि डबी फिरली. माझ्यापाशी आली. नको म्हणाले. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय म्हणाले.

"डाक्टरला काय कळतंय? तुझी आजी मरस्तवर घासत व्हती."

"येवढीशी घे गं, बोटाच्या टोकाला."

"भोसरीची झाली राव ही!"

आईनं तर स्वतःचंच बोट पुढं केलं. तेव्हा माझा तोल गेला. "आई, तुमी दात न्हाई घासत. तंबाखू खाताय समद्या. मीबी खातच व्हते."

 आई आत जाऊन चूळ भरून आली आणि म्हणाली, "चार बायकांत मला तंबाखू खाणारी म्हनलीस? आमचं कायच तुला नको, तर येतीस कशाला?"

ते मला लागलं. अजून लागतं. गावच्या बायांनो, गाव सोडून गेलो म्हणून तुम्ही आम्हाला नावं ठेवता, ते आम्ही ऐकून घेतो. पण एक डबी नाकारली की पोरगी परकी होते, हे कुठलं माहेर? आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, तुम्हीही गावाकडं गेलात की मान राखायला एक बोट लावताच ना? मला माहीत आहे.

दोन महिने आई फोनवर बोलली नाही. परवा तिचाच आला. हवापाणी विचारून झालं आणि म्हणाली, "आज तीनदा तंबाखू खाल्ली."

मला रडू आणि राग एकदमच आला. "मग सोड की गं!" मी ओरडले.

"सोडीन. गाल माझाबी जळतोय. पर एकटीला न्हाई व्हत. तू आठ दिस येऊन ऱ्हा."

आठ दिवस. सकाळी शेजारपाजारच्या बायका मशेरी भाजायला तवा ठेवतात, त्याचा वास त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि नुसत्या आठवणीनं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. माझा चट्टा अजून पुरता गेलेला नाही. माहेरी जायची मला भीती वाटते, आणि तिथं गेल्याशिवाय गत्यंतर नाही. माहेर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय, भीतीही आणि ओढही.

काल रजेचा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाला, कारण लिहा, नुसतं 'घरगुती' चालत नाही. मी लिहिलं: आईची तंबाखू सोडवायला.