डेमो गाडीचा पंप

"उद्या सकाळी दहाला ती डेमो गाडी सुरू झाली पाहिजे, शिंदे. कशी करायची ते तुम्ही बघा."

एवढं बोलून शेठ केबिनमध्ये गेले. मी डेमो गाडीपाशी उभा. गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची ही गाडी चार महिने सुरू झाली नव्हती, कारण तिच्यात डिझेल पंपच नव्हता. डिझेल दाबानं इंजिनात ढकलतो तो हा पंप. तो मीच काढून एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवला होता.

नांदेडला एका मोटार कंपनीच्या डीलरकडं मी वर्क्स मॅनेजर आहे. म्हणजे वर्कशॉपमधल्या सगळ्या गाड्या माझ्या आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या शिव्याही माझ्या. कंपनी देशी, गाडी दणकट, पण कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली होती. पार्ट येईनात. पार्ट नाही म्हणून जागेवर उभ्या राहिलेल्या गाडीला आम्ही व्हीओआर म्हणतो. पूर्वी महिन्याला अशी एखादी असायची. आता मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी वर्कशॉपवाले एक उद्योग करतात. एका उभ्या गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावायचा, आणि नवीन आला की पहिलीला बसवायचा. नियमात बसत नाही. सगळेच करतात.

कंपनीनं सरकारकडं मदत मागितली होती. टीव्हीवर रोज त्यावर भांडणं, आणि आमच्या चहाच्या टेबलावरही. हेड मेकॅनिक सलीमभाई म्हणायचा, "सरकारनं कशाला पैशे द्यावं? चालवता येत न्हाई तर बंद करा म्हनावं."

"बंद झाली तर तू आन् मी काय करायचं?" मी विचारायचो. मग तो चहा संपवून कामाला लागायचा.

मदत द्यायची की नाही हे ठरवायला सरकारची एक समिती डीलर बघत फिरत होती. उद्या नांदेड, परवा लातूर. मी केबिनमध्ये गेलो.

"शेठ, पंप आणू कुठून?"

"मुखेडची गाडी आहे ना मागं?"

"ती गणपतरावांची आहे. तिचा गिअर उद्या येतोय. उद्याच द्यायची आहे."

"मग दुपारी परत लावा. समितीला एक चक्कर मारायची, बस. तासाभराचा प्रश्न आहे."

तासाभराचा प्रश्न म्हणे! पंप काढायला आणि बसवायलाच अर्धा दिवस जातो.

गणपतराव बैलांचा साज विकतात. दावी, वेसणी, घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे. एरवी आठवडी बाजार करतात, पण खरा धंदा माळेगावच्या यात्रेत. जनावरांची एवढी मोठी यात्रा आमच्या भागात दुसरी नाही. तिथले चार दिवस म्हणजे त्यांचं अर्धं वर्ष. गाडीचा गिअर तुटून वीस दिवस झाले होते आणि यात्रा परवापासून होती. त्यांचा दिवसाआड फोन यायचा, "सायेब, यात्रेच्या आधी द्या म्हंजे झालं." मी शब्द दिला होता. कंपनीच्या एरिया मॅनेजरच्या हातापाया पडून गिअर मागवला होता. समितीबरोबर येताना तो स्वतः घेऊन येणार होता.

मला शेठना नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. संध्याकाळी मी आणि सलीमभाईनं मुखेडच्या गाडीचा पंप काढून डेमोला बसवला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. एक साहेब, एक मॅडम. डेमो गाडी एका चावीत सुरू झाली. दोघं मागं बसून स्टेशनपर्यंत जाऊन आले. "पार्टचा तसा काही प्रॉब्लेम नाही," शेठ सांगत होते. मागच्या शेडला ताडपत्री बांधली होती.

गणपतराव पहिल्याच एसटीनं येऊन बाकावर बसले होते. गाडी न्यायला या म्हणून मीच फोन केला होता. मॅडम आपण होऊन त्यांच्याकडं गेल्या.

"काका, तुमची गाडी याच कंपनीची का?"

"हाव. नऊ वर्षं झाली."

"कंपनी बंद पडायला आलीय. लोकांच्या पैशातून सरकारनं तिला वाचवावं का?"

शेठ जागच्या जागी थिजले. गणपतरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"वाचवा की, म्याडम. गाडी लई गुनाची हाय. कंपनीच मेली तर आमाला पार्ट कोन देईल? आन् मानसं चांगली हायेत. हे शिंदे सायेब, शब्द दिला तर पाळतेत."

मॅडमनी ते लिहून घेतलं. तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी गिअरचा खोका हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

दुपारपर्यंत आम्ही गिअर बसवला. पंप काढायला बाहेर आलो तर डेमो गाडी जागेवर नाही. वॉचमन म्हणाला, "एरिया मॅनेजर घेऊन गेले. लातूरला."

फोन लावला. तो अहमदपूरच्या पुढं पोचला होता.

"लातूरच्या डीलरकडं एकही चालू गाडी नाही हो, शिंदे. पाठवतो दोन-चार दिवसांत."

"त्यात गिऱ्हाइकाचा पंप आहे!"

"अहो, कंपनी राहिली तर पंप पाहिजे तेवढे मिळतील." फोन बंद.

शेठ म्हणाले, "आणखी एक पार्ट लागतोय असं सांगा. त्यांना काय कळतंय?"

मी गणपतरावांना शेडमध्ये नेलं, बोनेट उघडलं आणि खरं ते सांगितलं. पंपाच्या जागी नुसत्या लोंबत्या नळ्या होत्या.

"म्हंजे म्याडम सकाळी बसल्या, ती गाडी माझ्या पंपावर चालत होती?"

"हो."

"आन् मी म्हनलो, वाचवा."

"हो."

"मला इचारलं असतं, तर मी दिला नसता असं वाटलं का तुमाला?"

मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

"दिला नसताच," ते म्हणाले. "पर इचारायचं व्हतं."

ते भाड्याचा टेम्पो करून माळेगावला गेले, तेही एक दिवस उशिरा. जागा मिळाली ती पार शेवटच्या टोकाला. यात्रेच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. अर्धा माल तसाच पडून होता. त्यांनी मला चहा पाजला. ते जास्त झोंबलं. पंप आला यात्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

पुढं काही महिन्यांनी सरकारनं मदत दिली. कंपनी वाचली. माझी नोकरी वाचली, सलीमभाईचीही वाचली, आणि पेढे त्यानंच वाटले. पार्ट येऊ लागले. मदत दिली ते बरोबर की चूक, हे मला आजही सांगता यायचं नाही. माझा पगार त्यातच आहे, तेव्हा माझ्या मताला फारसा अर्थ नाही.

गाडी दुरुस्तीला घेताना भरतो त्या जॉब कार्डवर मात्र मी एक ओळ वाढवली. 'या गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीस लावण्यास परवानगी', आणि खाली मालकाची सही. शेठ कुरकुरले. बहुतेक लोक सही करत नाहीत. एखादा करतो.

गणपतराव अजून गाडी आमच्याकडंच आणतात. काम झालं की आधी बोनेट उघडून पंप बघतात, मग चावी घेतात. मी टॉर्च धरतो.