शंभर टक्क्यांबाहेरची मुलगी

इंग्रजीचा निकाल शंभर टक्के लावणारा मास्तर म्हणून श्रीगोंदा तालुक्यात माझं नाव होतं. तो निकाल कसा लागायचा, हे मी गेल्या दिवाळीत भर मंडपात माईकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

बी.ए., बी.एड. झाल्यावर पहिली नोकरी अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेत लागली. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. ते उघडं पडायची भीतीही नव्हती, कारण त्या मुलखात इंग्रजी बोलणारं दुसरं कुणी नव्हतंच. पुढे संस्थेनं उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत बदली केली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. उभ्या आयुष्यात मी कुणाशी इंग्रजीत गप्पा मारल्या नाहीत. आता पुण्याला मुलाकडे गेलो की नातू म्हणतो, "आबा, तुमचं इंग्लिश मराठीसारखं वाटतं." तो हसतो, मीही हसतो आणि परवाची गाडी उद्याची करून नगरला परततो. इथे घर आहे, शेजार आहे. पत्नी गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलायचं काम पडत नाही.

तर निकाल. इंग्रजी शिकवणं ही एक गोष्ट आणि इंग्रजीत पास करणं ही वेगळी. पहिली मला जेमतेम येत होती, दुसरीत मी तरबेज झालो. पेपरात कोणता प्रश्न कितीला येतो, कोणता सोडला तरी चालतो, कोणता निबंध फिरवून तीन विषयांना चालवता येतो, हे मी मुलांकडून घोकून घ्यायचो. साखर कारखान्याचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत जादा तास सुरू व्हायचा. पोरं अर्धवट झोपेत गाईडातलं पान म्हणायची आणि मी बाकांमधून फिरत ऐकायचो. अर्थ कळला नाही तरी चालेल, ओळ चुकता कामा नये.

एवढं करूनही शंभर टक्के लागत नाहीत. त्यासाठी आदल्या वर्षी काम करावं लागतं. नववीची परीक्षा झाली की मुख्याध्यापक चहाला बोलवायचे आणि म्हणायचे, "सर, यंदा वर्ग जरा हलका करा." म्हणजे दहावीला दगा देतील अशी पोरं नववीतच ठेवा. मी पेपर पुन्हा काढायचो आणि हलका करायचो. आजूबाजूला बऱ्याच शाळांत हे चालायचं. पण मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. निकालाच्या दिवशी गावातून लोक पेढे घेऊन घरी यायचे, ते मला आवडायचं.

असंच एका वर्षी एक मुलगी थांबवली. तिचा भाऊ तिच्याच वर्गात होता. तो वर्षानं मोठा, पण दोघांना शाळेत एकदमच घातलेलं. निबंध आला होता सहलीवर. सगळ्या वर्गानं गाईडातली भंडारदऱ्याची सहल लिहिली. धरण, धबधबा, गाणी, सगळं एकसारखं. त्यातलं कुणीही भंडारदरा पाहिलेला नव्हता. तिच्या भावानंही तीच लिहिली, एकही चूक न करता. हिनं लिहिलं की मी सहलीला कधी गेले नाही, पण वडिलांबरोबर उसाच्या गाडीवर बसून कारखान्यावर गेले होते. पुढे रांगेत थांबलेले बैल, मळीचा वास, थंडीत वडिलांनी तिच्या अंगावर टाकलेलं पोतं. वाक्यं मोडकी होती. पण त्या गठ्ठ्यात स्वतःच्या डोक्यातलं इंग्रजी लिहिणारी ती एकटी होती.

मी आधी तिला पास केलं होतं. काठावर, पण पास. मग चहा झाला. मी विचार केला, ही पोरगी घोकत नाही, बोर्डात मनाचं लिहील आणि जाईल. लाल पेनानं निबंधाचे गुण खाली आणले. दोन-चार गुणांचं काम, मिनिटभरही लागलं नाही. तिच्या वडिलांनी पुन्हा नववीला बसवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. भाऊ दहावी झाला.

त्याच बॅचनं दिवाळीत मेळावा घेतला. भाऊच पुढाकारानं सगळं करत होता. त्याचं आता खताचं दुकान आहे आणि व्हॉट्सॲप ग्रुपही तोच चालवतो. मंडपाच्या तोंडाशी माझ्या फोटोचा फ्लेक्स होता, खाली बॅचमधल्या सगळ्यांची नावं. पन्नाशीची माणसं ओळीनं पाया पडत होती. माईक हातात आल्यावर मी म्हणालो, "हा शंभर टक्के निकाल खरा नाही. काही मुलं पास असून मी नववीत थांबवली. आज ती इथे नाहीत, ती माझ्यामुळे नाहीत."

मग भाऊ उठला आणि टाळ्या वाजवत म्हणाला, "बघा, याला म्हनत्यात मोठेपना! असे सर आता मिळायचे न्हाईत." सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. जेवताना मी त्याला बहिणीचं विचारलं. "तिला पुनतांब्याला दिलीय सर. पेरूची बाग हाय. झ्याक चाललंय." आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारून त्यानं माझं ताट भरलं.

थोड्या दिवसांनी मी नगरहून रेल्वेनं पुणतांब्याला गेलो. विचारत विचारत बाग सापडली. पडवीत एक बाई पेरू निवडून कॅरेटात लावत होती. मी नाव सांगितल्यावर ती गडबडीनं उठली.

"सर? तुमी? आन् एवढ्या लांब? कुनी आजारी-बिजारी हाय का?"

मी नाही म्हणालो. तिला तू म्हणावं की तुम्ही, हे मला ठरवता येईना. तिनं पाणी दिलं. मी सांगायचं ते सांगून टाकलं, चहाचं, लाल पेनाचं, मेळाव्याचं आणि फ्लेक्सचंसुद्धा. ती पेरू निवडत राहिली. एकदा हातातला पेरू चांगल्यात ठेवला, मग उचलून डागाळलेल्यात टाकला, मग परत चांगल्यात ठेवला.

"म्हंजे मी पास हुते."

"हो."

"इंग्रजीत."

"हो. काठावर."

"काठावर का आसंना." तिनं पेरू खाली ठेवला. "आमचा भाऊ अजून म्हनतो, नववी नापास, तू गप बस. ह्या दिवाळीला माझ्या मुलीचं स्थळ बघायला बसलो तवा चार पाव्हन्यांत म्हनला. मीबी हसले. काय करनार? तुमी म्हनता, मेळाव्यात सांगितलं. माझं नाव घेतलं का?"

"नाही."

"का?"

"तुला... तुम्हाला बरं वाटणार नाही असं वाटलं."

"त्यांची नावं फ्लेक्सवर, आन् माझंच झाकायचं व्हय?"

मी म्हणालो की मी हे सगळं लिहून काढणार आहे, नावासकट. ती म्हणाली, "लिहू नका नाव. आमच्यात कोन वाचतंय? त्याला तोंडानं सांगा." तिनं हात पदराला पुसले, मोबाईल काढला, भावाला लावला आणि आवाज मोठा करून माझ्यापुढे धरला.

"सर! तुमी तिकडं कुठं?" भाऊ खुशीत होता.

मी तिचं नाव घेऊन सांगितलं. ती पास होती, मी नापास केलं, बाकी वर्गापेक्षा तिचा निबंध खरा होता. पलीकडून दुकानातला आवाज येत राहिला. कुणीतरी युरियाचं विचारत होतं.

"जाऊ द्या ना सर," तो शेवटी म्हणाला. "लई जुनं झालं आता."

ती फोनवर वाकली. "जुनं कसं? दिवाळीला तर म्हनलास."

"बरं बाई, पास तू."

"बरं बाई न्हाई. नीट म्हन."

"पास! पास झाली माझी बहीन. आता गिऱ्हाईक हाय, ठिवतो." त्यानं फोन ठेवला. तो हसत होता की चिडला होता, ते मला ओळखता आलं नाही. तिला आलं असावं, कारण ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "मला माफ कर."

"ते बघू नंतर," ती म्हणाली. "गाडी गाठा आधी, ही चुकली तर मग संध्याकाळशिवाय न्हाई." पिशवीत पेरू भरून दिले. पाया पडली नाही. मला ते बरोबर वाटलं आणि गाडीत बसल्यावर लागलंही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला कळवलं की तिला बॅचच्या ग्रुपमध्ये घे. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. आधी हात जोडलेलं चित्र आणि खाली, "सर, ग्रुप दहावीच्या बॅचचा हाय. ती दहावीला नव्हती ना."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग शेजारच्या मुलीला ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं ते विचारलं. तिनं दाखवलं, मी पडलो. रोज सकाळी येणारी फुलं, सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा बंद झाल्या. कुणी बाहेर पडलं की ग्रुपमधल्यांना समजतं, असं ती म्हणाली होती. दोन दिवस फोन उशाशी ठेवून झोपलो. का गेलात म्हणून कुणी विचारलं नाही.