गजेंद्रच्या प्रोग्राममध्ये बसलेला एकमेव मुलगा

गजेंद्रला मी पहिल्यांदा पाहिलं त्या दुपारी अमरावती तव्यावर ठेवल्यासारखी तापली होती आणि अख्ख्या शहरात तो एकटा थंड होता. त्याच्या दुकानात बारा कॉम्प्युटर पोटं फाडून पडले होते. बारा पंखे माणसांकडे पाठ करून त्यांच्यावर सोडलेले होते. मधोमध काळ्या स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांसमोर हा गृहस्थ, अंगात आल्यासारखा. मी लॅपटॉप आणि त्याचा बिघडलेला माऊस पुढे केला, तर त्याने मी दुकानात म्हैस घुसवल्यासारखं पाहिलं.

"काका, तुमाले दोन हात हायेत न?"

"आहेत."

"बोटं दहा?"

"दहा."

"मंग माऊस काहून लागते?"

अर्ध्या तासाने मी बाहेर पडलो. माझ्या लॅपटॉपमधून विंडोज गेलं होतं आणि त्यासोबत मुलीच्या बारशापासूनचे फोटोही. "बॅकअप नवता? मंग तुमी फोटो ठेवाच्या लायकीचेच नाई," हा त्याचा सांत्वनाचा प्रकार.

अशा माणसाला आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेचं काम मीच मिळवून दिलं. कारण त्याची आई, सुभद्राबाई. सदतीस वर्षांच्या मुलाचं लग्न जुळावं म्हणून त्या माझ्या घरी येऊन रडल्या होत्या. चार मुली दिसतील, त्याही याला पाहतील, असा आमचा भाबडा हिशेब.

याआधी हे काम अकोल्याचा शालिकराम एक्सेलमध्ये करायचा. "एक्सेल म्हंजे काय कॉम्प्युटर आय का? चौकटीची वही आय," असं म्हणून गजेंद्रने चार महिने खपून स्वतःचा प्रोग्राम लिहिला. उंची सेंटिमीटरमध्ये आणि जन्मवेळ तास-मिनिटांत नसेल, तर अर्ज बाद.

आता वऱ्हाडातल्या जन्मवेळा! कोणी लिहिलं, 'म्हशी दोहल्यावर'. कोणी, 'लाइट गेली होती'. अचलपूरच्या सीमा नावाच्या शिक्षिकेने लिहिलं, 'संध्याकाळची शकुंतला आली तेव्हा'. शकुंतला म्हणजे तिकडची छोटी रेल्वे. अर्ज बाद झाल्याचं कळताच सीमा स्वतःच दुकानात आली. सुभद्राबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. मीही होतो.

"मॅडम, मिनिटं सांगा."

"माह्या आईले घड्याळ पाहाची सवड नवती, गजेंद्रजी. साडेसहा टाका अंदाजे."

"अंदाज मशीन घेत नाई."

"मशीन तुमीच बनवली न?"

"म्हनूनच."

सीमा खळखळून हसली. जाताना मला हळूच म्हणाली, "काका, मानूस खरा आय. जरासा नरमला तं मले चालते."

हे सुभद्राबाईंनी ऐकलं. सीमा पायऱ्या उतरली आणि त्यांनी मांडीवरचं शेंगांचं सूप आदळलं.

"अरे पोट्ट्या, टाक न साडेसहा! सून चालत आली दारात!"

"आई, एकीसाठी नियम वाकवला तं मंग शालिकराममंधी अन् माह्यात फरक काय?"

पुस्तिका छापायच्या दिवशी गजेंद्रने यादी दिली. तीनशे बारा अर्जांपैकी मंजूर एक. तो त्याचा स्वतःचा. जन्म सरकारी दवाखान्यात, पहाटे चार सदतीस, उंची एकशे अडुसष्ट सेंटिमीटर.

मेळाव्याचे अध्यक्ष वामनराव बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "एकच पोट्टा? हा काय आरशासमोर उभा राह्यते का?"

अकोल्याहून शालिकरामला बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला, माऊस जोडला आणि 'अंदाजे, अंदाजे' करत दिवसभरात तीनशे बारा नावं चढवली. अर्ज वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून सीमा त्याच्या शेजारी बसली. गजेंद्र मागे उभा राहून हसत होता. "पाहा काका, पाहा! कॉपी करालेही माऊस!"

मेळाव्यात सगळ्यांना दोन मिनिटं मिळाली. गजेंद्र अकरा मिनिटं प्रोग्रामवर बोलला.

मे महिन्यात सीमाचं आणि शालिकरामचं लग्न झालं. ती आता अकोल्याला असते. गजेंद्रचं लग्न झालेलं नाही.