आज दुपारचं चीज

थंडी पडली की आन्सेल्म पेरारच्या मधमाश्या पेटीत एकमेकींना चिकटून बसत आणि आन्सेल्म लियोंला येऊन आपल्या बहिणीला चिकटून बसे. हे त्याच्या बहिणीचं, क्लोथिल्दचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

ब्युजेच्या डोंगरात त्याचं घर होतं. वडिलांनी ठेवलेल्या पेट्या आजोबांच्या जागेवर, तशाच दक्षिणेकडे तोंड करून मांडलेल्या. लग्न त्यानं ठरवून टाळलं नव्हतं, राहून गेलं होतं. उन्हाळाभर माश्या फुरसत देत नसत आणि हिवाळ्यात गावात बर्फाशिवाय कोणी येत नसे. जानेवारीत तीन राजांच्या सणाची पोळी कापून झाली की तो पेट्यांवर दगड ठेवायचा, शेजारच्या एमीलकडे किल्ली द्यायचा आणि बसमध्ये बसायचा. विलोच्या झाडांना पिवळी लव फुटायच्या आत परतायचं, एवढा एकच नियम. त्या लवेवर माश्या वर्षातला पहिला घास घेतात आणि त्या वेळी आन्सेल्म पेट्यांपाशी नाही, असं कधी झालं नव्हतं.

क्लोथिल्दचं घर टेकडीवर, जुन्या विणकरांच्या वस्तीत होतं. छत इतकं उंच की रात्री दिव्याचा उजेड वर पोचेपर्यंत दमून जाई. सकाळी कॉफी झाली की आन्सेल्म बाहेर पडायचा. त्याला कुठं पोचायचं नसे, म्हणून सगळे रस्ते बरोबरच असत. पायऱ्यांवरून खाली यायचं, एखादं दार ढकलायचं, घरांच्या पोटातून जाणाऱ्या अंधाऱ्या बोळात शिरायचं. कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला कांद्याचा वास, वरच्या मजल्यावरचा पियानो, ओल्या दगडांचा गारवा, आणि मग दुसरं दार उघडून भलत्याच गल्लीत उजेडात यायचं. बेकरीच्या काचेमागे गुलाबी साखरेच्या बदामांचा पाव आणि त्या दिवसांत शंकरपाळ्यांसारखी तळलेली, साखर भुरभुरलेली खुसखुशीत बून्य. तो एक घेई. हातमोज्यावर पडलेली साखर नदीपर्यंत पुरत असे.

सोन नदीवर सकाळी धुकं असायचं. पलीकडच्या टेकडीवरचं देऊळ त्या धुक्यात नुसतं अंदाजानं दिसे. काठावर, पानं झडलेल्या झाडांखाली बाजार भरायचा. पिसांसकट टांगलेल्या कोंबड्या, चिखल लागलेले, जाड पातीच्या कांद्यासारखे लीक, भाजल्या चेस्टनटचा धूर, शिंपले फोडणाऱ्या माणसाचे लालभडक हात. धुक्यातून आधी आवाज यायचे आणि मग माणसं. आन्सेल्मला वाटे, हा बाजार रोज सकाळी नदीतूनच वर येत असावा आणि दुपारी परत तिच्यातच विरघळत असावा.

बाजाराच्या वळणावर सोलांजचं चीजचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर पट्ट्यापट्ट्यांचं छत आणि मागे नवऱ्यानं सोडलेली जुनी गाडी. नवरा देवाघरी गेला होता, पण सोलांज म्हणायची, ‘गाडी ठेवून गेला, एवढं बरं केलं.’ बोटं उघडी राहतील असे लोकरीचे हातमोजे ती घालायची. फळीवरच्या मालाला तिच्याशिवाय कोणाचा हात लागलेला तिला खपत नसे.

चीज घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्यांदा एकच विचारायची. या शहरात सगळेच चीजवाले विचारतात.

“कधी खाणार?”

त्यावर सगळं अवलंबून. आज खायचं असेल तर पिकून ओघळायला आलेलं द्यायचं. चार दिवसांनी खायचं असेल तर घट्ट, अजून कोवळं. सोलांज एकेक छोटी चकती हातात घेई, अंगठ्यानं हलकेच दाबे, मान हलवून खाली ठेवे, दुसरी घेई.

“आज दुपारी,” आन्सेल्म सांगायचा.

कितीतरी हिवाळे तो हेच सांगत आला होता. कारण साधं होतं. चार दिवसांनी खायचं म्हटलं, तर चार दिवस तिच्याकडे जायला निमित्त उरलं नसतं.

अडचण एवढीच, की पिकलेलं चीज त्याला मुळीच आवडत नसे. डोंगरातला माणूस, त्याला चाकूनं कापायचं टणक चीज माहीत. हे तर ताटात पळायचं.

“आणलंस परत?” क्लोथिल्द दारातच नाक धरायची. “माझ्या पडद्यांना वास लागलाय, आन्सेल्म. काल शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का!”

“चांगलं असतं ते. पोटाला.”

“मग खा की! चमचाभर खातोस आणि तोंड असं करतोस, जणू मी विष घातलंय.”

उरलेलं चीज खालच्या मजल्यावरच्या मांजराला जाई. हिवाळा सरेपर्यंत त्या मांजराला जिना चढवत नसे.

यंदा फेब्रुवारी संपत आला होता. सोमवारच्या बसनं आन्सेल्म परत निघणार होता. शुक्रवारी सकाळी सोलांजच्या शेजारचा भाजीवाला बार्नाबे त्याला लांबूनच ओरडला, “काय डोंगरवाले! रविवारपर्यंत काय ते पोटभर खाऊन घ्या.”

“का बुवा?”

“म्हणजे बाईंनी सांगितलं नाही? दुकान उठवतेय ती. रविवार शेवटचा. घर आवरायचं आणि ईस्टरनंतर लेकीकडे, नाँतला. समुद्राजवळ.” बार्नाबेनं लीकची जुडी झटकली आणि आवाज उतरवला. “मग? बोलणार आहेस काही, का आणखी दहा हिवाळे नुसतं चीज नेणार?”

“मी चीजच न्यायला येतो.”

“हो, हो. आणि मी इथं नदी बघायला उभा असतो.”

त्या दिवशी आन्सेल्म फळीपाशी गेलाच नाही. शनिवारीही नाही. तो नुसता चालत राहिला. दोन नद्या जिथं मिळतात त्या टोकापर्यंत गेला. तिथं एक पाणी हिरवं, एक करडं, आणि बराच वेळ दोघं शेजारीशेजारी वाहतात, एकमेकांत मिसळायचं की नाही हे न ठरवल्यासारखी. संध्याकाळी दिवे लागले तसा तो पुलावर उभा राहिला. घरांचे पिवळे-तांबूस रंग पाण्यात लांबट होऊन हलत होते. पुढच्या हिवाळ्यातही हे सगळं असंच असेल. पायऱ्या असतील, बोळ असतील, धुकं असेल. बाजाराच्या वळणावर तेवढं कोणीतरी मोजे विकत असेल. त्याच्या लक्षात आलं, की तो शहरभर हिंडायचा तो त्या वळणापर्यंत पोचायला लागणारा वेळ लांबवण्यासाठी.

रविवारी सोलांजच्या फळीपुढे रांग होती. आन्सेल्म रांगेला लागला. नंबर जवळ आला तसा मागच्या बाईला म्हणाला, “तुम्ही घ्या आधी.” तिच्या मागच्यालाही तेच म्हणाला. शेवटी चाकाची पिशवी घेतलेली एक म्हातारी त्याच्या पाठीत बोट खुपसून म्हणाली, “अहो, उभंच राहायचं असेल तर पुतळ्याच्या चौकात जा. तिथं जागा आहे.”

तो पुढे झाला. सोलांजनं वर पाहिलं.

“दोन दिवस दिसला नाहीत.”

“हिंडत होतो.”

“रोजच हिंडता.” तिनं हातमोजे वर ओढले. “कधी खाणार?”

जिभेवर ‘आज दुपारी’ आलंच होतं. ते त्यानं गिळलं.

“पुढच्या रविवारी.”

पलीकडे बार्नाबेनं वजनकाट्यावर बटाटे टाकायचं थांबवलं.

“पुढच्या रविवारी?” सोलांज म्हणाली. “सोमवारी जाता ना तुम्ही?”

“जातो. दर वर्षी.”

“बरं. किती जण?”

“दोघं.”

“बहिणीला वास सोसत नाही, हे अख्ख्या टेकडीला ठाऊक आहे.”

“बहीण नाही.” आन्सेल्मचे कान थंडीनं आधीच लाल होते, म्हणून फार कळलं नाही. “तुम्ही इतकी वर्षं रविवारी इथं उभ्या असता. रविवारचं शहर तुम्ही कधी बघितलंय? मला सगळे बोळ माहीत आहेत. कुठल्या दारातून शिरलं की कुठं निघतं ते. वर बागेत एक बाक आहे, ऊन आलं तर पहिलं तिथं येतं. तुम्ही मोकळ्या असाल तर... चीज तिथं खाऊ.”

“ऐका!” बार्नाबे ओरडला. “डोंगरातला माणूस लियोंच्या बाईला लियों दाखवणार!”

“तू बटाटे मोज!” सोलांजनं त्याला झापलं आणि आन्सेल्मकडे वळली. “पण तुम्हाला ते आवडत नाही.”

“काय?”

“चीज. पैसे देताना नाक आखडता. पहिल्या वर्षापासून बघतेय. मला वाटायचं, घरी कोणी आजारी माणूस असेल, त्याच्यासाठी नेत असतील बिचारे.”

म्हातारीनं चाकाची पिशवी आपटली. “मी आजारी पडेन आता. घ्या नाहीतर सोडा!”

सोलांजनं एकामागून एक चकत्या दाबून पाहिल्या. अगदी मागची एक घेतली आणि कागदात न गुंडाळता त्याच्यापुढे धरली. “दाबा.”

रांगेतल्या माना पुढे झाल्या. तिच्या फळीवरचं चीज गिऱ्हाइकानं दाबलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आन्सेल्मनं हातमोजा काढून अंगठा टेकवला. ओल्या खडूसारखं घट्ट होतं.

“पुढच्या रविवारी हे व्हायचं नाही,” ती म्हणाली. “त्याच्या पुढच्या रविवारी होईल. तोवर मी गाडी विकलेली असेल, आणि मला कुठं जायचं नसेल. मऊ झालं तर दुपारी इथंच घेऊन या. नाही झालं, तर घाई करू नका. कच्चं मी खात नाही.”

आन्सेल्म सोमवारच्या बसनं गेला नाही. क्लोथिल्दनं भुवया उंचावल्या, पण खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर उलटी वाटी दिसली आणि तिनं काही विचारलं नाही. रोज सकाळी तो वाटी उचलायचा, चकती उलटी करायचा, अंगठा टेकवायचा. मग जिने उतरून हिंडायला जायचा, पण बाजाराच्या वळणापासून लांबून.

आठवडाभरानं दक्षिणेचा वारा सुटला. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं, नदी गढूळली. संध्याकाळी एमीलचा फोन आला.

“विलोला लव आलीय, आन्सेल्म. ओढ्याकाठी पिवळं झालंय सगळं. तुझ्या माश्या दारात आल्यात. कधी येतोस?”

आन्सेल्मनं फोन कानाला दाबला. त्या आवाजामागे त्याला पेट्यांची गुणगुण ऐकू येतेय असं वाटत होतं. पहिल्या उबेला पेटी उघडून बघायला त्याच्या आजोबांनीही दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता.

“एमील, किल्ली तुझ्याकडे आहेच. साखरेच्या वड्या फडताळात आहेत. ज्या पेट्या हलक्या लागतील, आतला मध संपत आला असेल, त्यांच्यावर ठेव. धूर थोडाच कर. आणि सावकाश. त्यांना घाई आवडत नाही.”

“मी? माझा हात चालेल तुला?”

“चालेल.”

क्लोथिल्द विणकाम मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. “बाबा असते तर तुला घराबाहेर काढलं असतं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तुझा चांगला कोट मी झटकून ठेवलाय. दाराच्या मागे आहे.”

ठरलेल्या रविवारी सकाळी पुन्हा धुकं होतं, पण पातळ, आतून उजळलेलं. आन्सेल्मनं वाटी उचलली. चकतीच्या कडा सैलावल्या होत्या. त्यानं अंगठा टेकवला. तो आत गेला आणि तिथंच राहिला.

खोलीभर वास पसरला. क्लोथिल्दनं नाक धरलं आणि विचारलं, “कधी खाणार हे?”

“आज दुपारी,” आन्सेल्म म्हणाला.

त्यानं चीज कागदात गुंडाळलं, एक पाव बगलेत मारला आणि पायऱ्या उतरायला लागला. पहिल्याच वळणावर त्यानं नाक आखडलं, आणि न थांबता चालत राहिला.