वसंतसर आणि आमची हरकत

आमच्या बोर्ली पंचतनचे वसंतसर साठीचे झाले, म्हणून या अंकात लिहायला मला सांगितलंय. शिकलेले लोक बाकीचं लिहितीलच. मी सरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकलो कमी, बसलो जास्त. तेवढ्यावर लिहितो.

आमची ओळख माऊसमुळे झाली. पहिल्याच दिवशी मी सरांच्या माऊसखाली चिकटपट्टी लावली आणि गंमत बघत बसलो. सर दिवसभर शिकवत राहिले, त्यांना पत्ताच नाही! कारण सर माऊसला हातच लावत नाहीत. प्रोग्राम घालायचा-काढायचा तर त्यांचा एक निळा मेनू आहे. बाणाच्या बटणांनी खाली-वर जायचं, घालायचा तर अधिक, काढायचा तर वजा. पुढं कधीतरी पट्टी सापडली तेव्हा म्हणाले, "कोणी लावली रे? बरं केलंस, आत धूळ जात न्हाय."

एंटर मारण्याआधी मेनू सांगतो, हे घालतोय आणि त्यापायी हे काढतोय. सर ती नावं मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "हरकत हाय का?" सगळ्यांनी "न्हाय!" म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. चहा घेऊन आलेल्यालासुद्धा उत्तर द्यावं लागतं.

माझ्या ताईची लग्नपत्रिका सरांनीच बनवली, तीही फुकट. छापायच्या दिवशी नव्या प्रिंटरचा प्रोग्राम घालायचा होता. पत्रिका घेऊन मामा दुपारच्या गाडीनं मुंबईला निघणार होते. सर नावं वाचत होते आणि इकडे बाबा आणि मामा भांडत होते, पत्रिकेत वर नाव कोणाचं.

"हरकत हाय का?"

"न्हाय!" भांडता भांडता दोघं ओरडले. आम्हीपण.

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर नुसता काळा पडदा. काढायच्या नावांत पडद्यावर चित्रं, खिडक्या दाखवणारे प्रोग्रामही होते, सगळा देखावाच गेला.

बाबांनी भांडण सोडलं. "सर, पोरीची पत्रिका गेली?"

"पत्रिका आत हाय. दाखवणारा गेलाय."

"तुम्ही घालवलात त्याला?"

"मी विचारलं व्हतं," सर शांतपणे म्हणाले.

आमचा माऊस मेला होता. सरांना काय फरक? दोन शब्द टाइप केले, निळा मेनू हजर. यावेळी बाबा कान देऊन बसले.

"हा कोण?"

"खिडक्या दाखवतो."

"घ्या त्याला. आन् हा?"

"पत्त्यांचा डाव. नको."

"असू द्या हो, मागनं रुसायला नको कोणी!"

असं करत बाबांनी सगळ्यांना आत घेतलं. पडदा उजळला, पत्रिका दिसली, छापली. मामांना दुपारची गाडी मिळाली. पत्रिकेत वर नाव शेवटी आजीचं टाकलं, सरांच्या सांगण्यावरून.

सर, तुम्हाला खूप आयुष्य मिळो, बाणाच्या बटणांवर बोटं अशीच चालोत. तुमची शुगर आणि गुडघेदुखी काढायच्या यादीत आली तर आमची हरकत न्हाय. पण वरच्यानं कधी त्या यादीत तुमचं नाव वाचलं, तर अख्खी बोर्ली ओरडेल,

"हाय! हरकत हाय!"