डावखऱ्यांची शेवटची मॅच

डावखऱ्यांची शेवटची मॅच मी एका वाक्यात उरकली. ती सांगायला त्यांना अर्धी दुपार लागली होती, आणि सांगायचं धाडस गोळा करायला जवळजवळ सगळी हयात. माझं वाक्य एका श्वासात संपलं. ते मी कुणाच्या वाईटासाठी बोललो नाही, हे खरं. पण आळसाने बोललो, आणि त्याचं नुकसान एका भल्या माणसाला सोसावं लागलं, हेही खरं.

डावखरे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावातले आमचे शेजारी, अस्सल आयरिश, वय ऐंशीच्या घरात, नाव कॉन. माझे आबा कराडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले होते. शेजारचा म्हातारा डावखुरा आहे आणि तरुणपणी अमेरिकेत बेसबॉल खेळून पगार घ्यायचा, एवढं कळल्यावर आबांनी त्याचं बारसंच करून टाकलं. "कॉन हे काय नाव हाय व्हय? डावखरे म्हणू." ते नाव कॉनना इतकं आवडलं, की आमच्या दारावर टकटक करून ते स्वतःच ओरडायचे, "मिस्टर डावकरी हिअर!" आबांना ते 'ड्रायव्हर' म्हणत.

आमच्या वसाहतीवरून विमानं खाली उतरतात. आम्हाला आता ती ऐकूही येत नाहीत. डावखरे मात्र डोक्यावर काहीही आलं, विमान असो की सीगल, की एक पाय मागे टाकून वर बघायचे. ते लेफ्ट फील्डला खेळत. म्हणजे आपल्याकडे सीमारेषेजवळ उभा असतो तसा क्षेत्ररक्षक. "पहिलं पाऊल नेहमी मागे," ते सांगायचे. "चेंडू पुढे पडणार असेल तर धावून गाठता येतो. डोक्यावरून गेला तो गेला." हे मी आबांना सांगितलं तेव्हा आबांनी मान डोलावली. "बरोबर हाय. ज्याला रिव्हर्स जमतो, त्यानंच घाटात गाडी घालावी."

शनिवार-रविवारी दुपारी हिरवळीवरच्या बाकावर दोघं बसत आणि मी मधे, दुभाषा म्हणून. डावखऱ्यांना लहानपणी एका मावशीने अमेरिकेला नेलं होतं. विशीत एका छोट्या गावाच्या संघाने त्यांना पगारावर घेतलं. सगळ्यात खालच्या पायरीची लीग. एक हंगाम खेळले, मग गुडघा गेला आणि ते मायदेशी परतून विमानतळावर सामान चढवू लागले. त्यांच्याकडे गोष्टी होत्या त्या फक्त त्या एका हंगामाच्या, पण त्या संपतच नसत.

त्यांनी आयुष्यात एकच होम रन मारली, म्हणजे एका फटक्यात चारी बेस फिरून सुरुवातीच्या जागी परत. मैदानाच्या कुंपणापलीकडे एक बाई कपडे वाळत घालायची. तिने दोरीचं एक टोक कुंपणाच्या खांबालाच बांधलेलं असे. चेंडू आत पडला असता, पण कुंपणावरून आत लोंबणाऱ्या ओल्या चादरीत गुरफटला आणि समोरचे खेळाडू चादरी झटकत बसले. बाई म्हणाली, चिखलाचे हात लावाल तर याद राखा! तेवढ्यात डावखरे चारी बेस फिरून घरी पोचले. आबा पोट धरून हसले. "आन् पंच काय म्हणाला?" पंच त्या बाईचा नवरा होता.

दुसरी गोष्ट बसची. संघाची बस एका चढावर बंद पडली आणि सगळ्यांनी गणवेशात तिला ढकललं. चिखलाने माखून ते मॅचला पोचले आणि जिंकले. आबांना मॅचशी देणंघेणं नव्हतं. "ड्रायव्हर काय करत हुता तवा? खाली उतरला का न्हाई?" डावखऱ्यांनी बराच वेळ आठवलं. उतरला नव्हता, स्टिअरिंग धरून बसला होता. "शाणा माणूस," आबा म्हणाले. "चढावर ब्रेकवरचा पाय काढायचाच नसतो."

सुरुवातीला मी मन लावून अर्थ सांगायचो. पुढे कंटाळू लागलो. डावखरे पाच मिनिटं बोलत, मी अर्ध्या ओळीत आटपत असे. "एवढंच बोलला व्हय?" आबा विचारत. "साधारण तेच," मी म्हणायचो. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. कागदावरचा एक शब्द गाळलेला मला तिथे चालत नाही.

आबा परत निघायच्या आदल्या दिवशी डावखरे बाकावर आमच्या आधी येऊन बसले होते. माझ्या डोक्यात बॅगांची वजनं होती, एक डोळा फोनवर होता. त्यांनी सावकाश सुरुवात केली. हंगामाची शेवटची मॅच होती. त्यांच्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, वय झालं होतं. जिंकलो तर पुढच्या वर्षी ठेवतो, असं मालकाने त्याला बजावलं होतं. बायको आणि दोन पोरी बघायला आल्या होत्या. शेवटचा गडी उरला होता आणि चेंडू उंच उडाला, सरळ डावखऱ्यांकडे. सोपा होता. पण त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि चेंडू डोक्यावरून गेला. परतताना बसमध्ये तो पिचर त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "डोळ्यांवर ऊन आलं असेल तुझ्या." आभाळ भरलेलं होतं. तरी डावखरे म्हणाले, "हो, ऊन आलं." त्या माणसाची नोकरी गेली. ते त्याला पुन्हा भेटले नाहीत. माझी चूक झाली, हे त्याला म्हणायचं राहून गेलं. "हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "पण ड्रायव्हर आता चाललाय."

शब्द न् शब्द माझ्या कानावर पडला होता, समजलाही होता.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"शेवटची मॅच हरले म्हणतायत."

"हात्तिच्या!" आबा मोठ्याने हसले आणि त्यांनी डावखऱ्यांच्या मांडीवर थाप मारली. "अहो, खेळ म्हटल्यावर कुणीतरी हरणारच की!"

डावखऱ्यांनी आबांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "ग्रँड, सो," म्हणजे बरं, ठीक आहे, एवढंच म्हणाले, आबांशी हात मिळवला आणि घरी गेले. "दमला वाटतं गडी," आबा म्हणाले. त्याच क्षणी मला सगळं सावरता आलं असतं. मी टॅक्सीची वेळ बघितली.

त्यानंतर डावखरे बाकावर बसले नाहीत. माझ्याशी बोलणं त्यांनी टाकलं नाही. दिसलो की विचारत, "हाउज द ड्रायव्हर?" आणि उत्तर ऐकता ऐकता चालू पडत. आबा दर रविवारी फोनवर म्हणायचे, "डावखऱ्यांना माझा रामराम सांग." पुढच्या रविवारी विचारायचे, "सांगितलास?" मी म्हणायचो, "सांगितला." एकदाही सांगितला नव्हता. रामराम घेऊन गेलो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

हिवाळ्यात आबांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केला. आबांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि लगेच म्हणाले, "म्हंजे डावखऱ्यांची न् माझी आता गाठ न्हाई. तू असं कर, फोन घिऊन त्याच्याकडं जा. व्हिडिओ लाव. त्याच्या मॅची ऱ्हायल्यात अजून."

तेव्हा मी आबांना ती मॅच सांगितली. या वेळी काहीही गाळलं नाही. ती पिचरची बायको, पोरी, ते भरलेलं आभाळ आणि मग माझं ते वाक्य.



"तो मन मोकळं करायला आला," आबा म्हणाले, "आन् तू मला त्याच्या तोंडावर हसवलंस व्हय रे?"

"आबा, त्या दिवशी घाई होती..."

"घाई कुणाला सांगतूस? हयातभर गाडी चालवली मी. पाशिंजर अर्ध्या वाटंत उतरवून डेपोत गेलो न्हाई कधी." मग आवाज उतरला. "काय वाटलं आसंल रे त्याला माझं? जा आधी. फोन मागनं लाव."

मी तसाच गेलो. डावखऱ्यांनी दार उघडलं, अंगात स्वेटर, हातात चहाचा मग. "हाउज द ड्रायव्हर?" त्यांनी विचारलं. आबांच्या छातीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मग खाली ठेवला. मग मी म्हणालो, मला त्या बाकावरच्या दुपारबद्दल बोलायचंय. त्यांनी लगेच हात हलवला. "अरे, सोड. यू आर ग्रँड." या देशात अवघड गोष्ट त्या शब्दाबरोबर कपाटात ठेवून दार लावून टाकतात. माझ्यासाठी ते सोयीचं होतं. क्षणभर मोहही झाला.

"नाही, ग्रँड नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं मी आबांना सांगितलंच नाही. मॅच हरलात, एवढंच सांगितलं, म्हणून ते हसले. तुमच्या दुःखाला ते हसले नाहीत, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मला मात्र सगळं समजलं होतं. तरी मी गाळलं. तुम्ही उठून गेलात तेव्हा गप्प बसलो आणि पुढे सगळा हिवाळा गप्प बसलो. माझं चुकलं, कॉन. मला माफ करा."