यात बोल्ट कुठाय?

कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी काका आपला दिवा तपासायचे. दिवा म्हणजे पेनाएवढी पारदर्शक दांडी, आत इवलासा बल्ब, पुढे सुई आणि मागे वायरला लटकलेला चिमटा. चिमटा बॅटरीच्या एका टोकाला लावायचा, सुई दुसऱ्या टोकाला. बल्ब लागला की मान डोलवायची आणि मगच गाडीकडे वळायचं. दहा गाड्या आल्या तर दहा वेळा.

"आत्ताच तर तपासला होतात ना, काका?" मी एकदा विचारलं.

"तवा चांगला होता," ते म्हणाले. "आत्ताचं काय सांगावं?"

दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत, कडुनिंबाखाली ते बसत. काम एकच, गाड्यांच्या एसीचे विजेचे बिघाड शोधायचे. मूळ साताऱ्याकडचे, फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना 'फौजी अंकल' म्हणत. मला मराठी बोलायला मिळे, म्हणून मी काका म्हणायची.

तुम्ही पाहिलं असेल, एसी बंद पडला की पहिला भेटेल तो माणूस सांगतो, "गॅस खतम." नोएडात नोकरी करणारे एक साहेब असा दोनदा गॅस भरून काकांकडे आले होते. काकांनी एसीचा रिले, म्हणजे करंट जोडणारी डबी, उपसला, हॉर्नच्या रिलेच्या जागी बसवला आणि म्हणाले, "बजाओ साब." साहेबांनी दाबलं. हॉर्न मुका.

"गॅस तो भरपूर है. बस ये डिब्बी मर गई है."

रिले चांगला असला, तर हॉर्न वाजायचा. मग वरच्या मजल्यावरून ओरडा यायचा, "फौजी अंकल, बच्चा सो रहा है!" काका वर न बघता म्हणायचे, "मुबारक हो, रिले ठीक है."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा बिघाड तिथे आहे.

माझे बाबा युनियनवाले. आमच्या दोन खोल्यांच्या घरात सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. पाहुणे त्यावरच बसत. इतर मुली कागदाच्या होड्या करत, तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. शाळेत 'माझी मांजर' या निबंधाचा शेवट मी "एकजुटीचा विजय असो" असा केला होता. बाई हसल्या. बाबांनी मात्र तो निबंध जपून ठेवला.

तर, सोसायटीत घरकाम करणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू देत नाहीत, याविरुद्ध मी मोहीम उघडली. बाबांच्या जुन्या गाडीत घोषणांसाठी भोंगा बसवला. स्वतःच्या हातांनी. श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण करणारीने इलेक्ट्रिशियन बोलवावा, हे मला पटेना. फोनवर व्हिडिओ पाहिला, पाना घेतला, अर्ध्या तासात भोंगा गरजला. मी इतकी खूश झाले की बाबांसमोर मूठ वर केली.

त्याच आठवड्यात एसी अधूनमधून बंद पडू लागला.

मी गाडी काकांकडे नेली. एसी मस्त चालू. त्यांनी दिवा तपासला, दोनचार ठिकाणी सुई टेकवली. "चालू एसीत बिघाड कसा सापडंल, ताई? बंद पडंल तवा आणा. इंजिन बंद करू नका, तशीच आणा." पुन्हा नेली, पुन्हा एसी चालू. पुन्हा तेच उत्तर. मला ते टोलवाटोलवीचं वाटलं. टोलवाटोलवी ओळखण्यात तर माझा हातखंडा.

मग मे महिन्यात भर दुपारी पुलावरच्या कोंडीत एसी गेला. शेजारी बसलेल्या बाबांना घेरी आली. काच खाली करून मी त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते आणि मनात वाक्यं जुळत होती.

संध्याकाळी पत्रक तयार झालं, हिंदीत. 'फुटपाथ पर धोखा!' उद्गारचिन्ह माझं. अकुशल, बेजबाबदार, जिवाशी खेळ; नाव नव्हतं, पण कडुनिंब होता. प्रत्येक पत्रपेटीत एक प्रत.

सोसायटीच्या कमिटीला कुंपणालगतची ती जागा कधीची मोकळी हवी होती. त्यांच्याकडे कारण नव्हतं. मी छापील दिलं. फुटपाथवर कष्टकऱ्यांचा हक्क आहे, असं सांगत फिरणाऱ्या माझंच पत्रक जोडून त्यांनी महापालिकेकडे तक्रार केली आणि काकांना आठवड्याची मुदत मिळाली.

त्या आठवड्यातच एसी बंद पडला, आणि नेमका फाटकाशी. मी मान वळवून गाडी तशीच पुढे काढणार, तोच काका धावत आले. "बंद करू नका! ऱ्हाऊ द्या तशीच!"

बॉनेट उघडलं. आधी दिवा तपासला. फ्यूजवर सुई टेकवली, दिवा लागला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी येणाऱ्या वायरला टेकवली, लागला. मग त्यांनी बॅटरीवरचा चिमटा काढून कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या वायरला लावला. दिवा विझला.

"करंट येतोय," ते म्हणाले. "पर त्याला माघारी जायला वाट न्हाय."

त्या दुसऱ्या वायरवरून बोट फिरवत ते गाडीच्या पत्र्यावरच्या एका बोल्टपाशी पोचले. एसीची वायर तिथे पत्र्याला जोडलेली होती. तिच्याखाली आणखी एक वायर कोंबलेली होती, चकचकीत नवी. बोल्ट बोटाने हलत होता. गाडी तापली, हादरली की जोड सुटत होता.

"ही कुणी घातली?"

"मी."

"कशाची?"

"भोंग्याची."

त्यांनी बोल्ट काढला, गंज खरवडला आणि सुटे नट-वॉशर एका कागदावर मांडून ठेवले. कागद माझाच होता. 'फुटपाथ पर धो' एवढंच दिसत होतं, 'खा' वॉशरखाली. त्यांनी तो मुद्दाम काढला होता की हाताला आला म्हणून घेतला, मी विचारलं नाही. त्यांनी बोल्ट करकचून आवळला. गार वारा आला.

"भोंगा बसवा की," ते म्हणाले, "पर बोल्ट आवळावा मानसानं."

रात्रभर बसून मी माफीचं पत्रक लिहिलं. फुटपाथवरचे कारागीर, शहराचं नियोजन, ग्राहकाच्या मनात पेरलेला संशय, या सगळ्यात माझ्यासारखी सजग कार्यकर्तीही कशी ओढली जाते. चार पानं. सकाळी काकांना वाचून दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"यात बोल्ट कुठाय?"

"म्हणजे?"

"बोल्ट कुणी ढिला सोडला, ते कुठाय?"

मी चारही पानं चाळली. नव्हतं.

मग दोन ओळी लिहिल्या. 'आमच्या गाडीचा एसी माझ्याच चुकीने बंद पडत होता. बोल्ट मी सैल सोडला होता. फौजी अंकलनी तो शोधला.' खाली नाव. पुन्हा सगळ्या पत्रपेट्यांत टाकल्या आणि एक प्रत घेऊन कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "बेटा, पहला वाला ज़्यादा अच्छा लिखा था. वो फाइल में लग चुका है."

मी वाद घातला, सह्या गोळा केल्या, ज्यांचे एसी काकांनी वाचवले होते त्यांची दारं वाजवली. सगळे म्हणाले, अच्छा आदमी है. सही करताना सगळ्यांना आठवलं की पार्किंग कमिटीच्याच हातात आहे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी काका दुपारपर्यंत एका टॅक्सीत डोकं घालून होते. मग हत्यारं पत्र्याच्या पेटीत भरली. दिवा खिशात ठेवण्याआधी आमच्या गाडीच्या बॅटरीवर एकदा लावून पाहिला. लागला. "बाबांना जपा," म्हणाले आणि रिक्षात बसले. कुठे बसणार, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मी तिथेही पत्रकं वाटली असती.

आता कडुनिंबाखाली कमिटीच्या कुंड्या आहेत. बाबांच्या गाडीचा एसी गार चालतो. गरम होऊ लागलं की लोक गाडी घेऊन येतात, कुंड्यांपाशी थांबतात आणि मला विचारतात, "फौजी अंकल किधर गए?" दोन ओळींच्या प्रती माझ्या पिशवीत असतात. मी एक देते.

लोक वाचतात, मग पत्त्यासाठी कागद उलटून मागची बाजू बघतात. मागे काही नसतं.